सत्तावीस जोड

हातोमारूवर मास्तर किती मोठा, हे त्याच्या दाराबाहेरच्या जोड्यांवरून ठरायचं. जगात शांतता नांदावी म्हणून शंभर दिवस समुद्रावर फिरणारं आमचं जहाज. नऊशे उतारू, आणि त्यातल्या निदान आठशेंना काही ना काही शिकवायचं होतं. शिकायला कोण उरणार, याचा विचार कोणी केला नव्हता. सातव्या मजल्यावर चटया अंथरलेली एक लांब खोली होती. मधे सरकता कागदी पडदा घालून तिचे दोन वर्ग केलेले. चटईवर जायचं तर जोडे बाहेर, आणि येणारा-जाणारा ते मोजल्याशिवाय पुढे सरकत नसे.

डावीकडच्या वर्गात कुरोनुमा कागदी करकोचे शिकवत. छत्तीस वर्षं निइगाताकडे स्टेशनमास्तर होते. घडी केसभर चुकली तरी अख्खा करकोचा उलगडायला लावायचे. रेल्वे सुटली तरी सवयी सुटल्या नव्हत्या. प्रवासाच्या चौथ्याच दिवशी दाराशी चार बेवारस जोड दिसले, ते त्यांनी रीतसर फॉर्म भरून हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत जमा केले होते. तेव्हापासून त्यांच्या दाराशी दोनच जोड. एक त्यांचा, दुसरा ओबा आजोबांचा. आजोबा झोपायला यायचे.

उजवीकडे नागासाकीचे न्हावी मिकुरिया माऊथ ऑर्गन शिकवत. त्यांचे स्वतःचे बूट सोडून दाराशी सत्तावीस जोड, सगळे बायकांचे.

"ऐका, एकच बाजा वाजतोय," कुरोनुमा पडद्याला कान लावून म्हणायचे. "सत्तावीस जणी आत, पण मास्तर वाजवतोय तर एकीची फुंकर नाही. याला म्हणतात शिस्त. आणि माझ्याकडे तुम्ही एकटे, ते घोरता."

ओबा आजोबा घोरत राहायचे.

त्यात वरून धडधड. रोज दहा ते अकरा छत हादरायचं. खलाशी गंज ठोकतात असं ठरवून कुरोनुमांनी दोन लेखी तक्रारी दिल्या होत्या.

एकेचाळिसाव्या दिवशी जहाजाच्या वर्तमानपत्रात आलं: ज्या वर्गाला सर्वात जास्त गर्दी, त्याच्या मास्तरांना कोलंबोच्या शाळेत शिकवायला नेणार, मोजणी गुरुवारी. कुरोनुमा वर्तमानपत्र घडी करून खिशात घालतात तोच त्यांची नजर उजवीकडच्या रांगेत गेली. तिसरा जोड निळा, कापडी, उजव्या पायात पिवळी नाडी. ती नाडी त्यांनीच ओवली होती. जोड फुसाएचा होता, म्हणजे त्यांच्या बायकोचा.

जेवताना त्यांनी मिसो सूपमध्ये बघत विचारलं, "सकाळी काय करतेस हल्ली?"

"हवा खाते."

"कुठली?"

"समुद्राची. दुसरी आहे का इथे?"

"एखादा बाजा वगैरे नाही वाजवत?"

"अहो, सूप पिताय की त्यात काही हरवलंय?"

त्या दिवसापासून कुरोनुमांना माऊथ ऑर्गनच्या प्रत्येक सुरात बायकोचं हसू ऐकू येऊ लागलं.

गुरुवारी दहा वाजता ते बाहेर आले, इकडेतिकडे बघितलं आणि निळा जोड उचलून आपल्या दाराशी ठेवला. बायको आपली, जोडे आपले. यात चोरी कसली. तेवढ्यात वर्तमानपत्रातली चिसातो मोजणीची वही घेऊन उगवली.

"अरे वा, मास्तर. नवीन विद्यार्थिनी? एकटीच? कोण आहे बघू तरी."

"एकटी कशी असेल?" कुरोनुमा दारात आडवे झाले. "बाकीच्या येतायत."

"बाकीच्या? मग थांबा, मी कॅमेरा घेऊन येते."

झालं. आता बाकीच्या आणणं भाग होतं. त्यांनी शेजारून पाच जोड आणले. तर तिकडची रांग पाच दात पडल्यासारखी दिसू लागली. मधले काढून बघितले, तर ती आणखी बोळकी. शेवटी सगळेच इकडे आले. गाडी फलाटाला लावावी तसे त्यांनी सत्तावीस जोड टाचेला टाच लावून उभे केले. मिकुरियांचे पांढरे बूट मात्र जागेवर ठेवले, एवढी माणुसकी त्यांच्यात होती.

चिसातोने फोटो काढला आणि त्याच क्षणी भोंगा वाजला. संकटाची तालीम. लाइफ जॅकेट चढवून सगळ्यांनी जिन्याशी जमायचं होतं.

कुरोनुमांनी डावं दार सरकवलं. अर्धवट झोपेतल्या ओबा आजोबांना धरून बाहेर आणलं.

"बाकीच्या?" चिसातोने विचारलं.

"मौन आहे त्यांचं."

"जहाज बुडालं तरी?"

मग उजवं दार सरकलं. बाजा तोंडात तसाच धरून मिकुरिया बाहेर आले. एकटे. त्यांच्या मागची चटई अगदी रिकामी होती. त्यांनी दाराशी बघितलं, मग शेजारी बघितलं, आणि बाजा तोंडातून काढला.

"माझे जोड चोरलेत तुम्ही."

"सत्तावीसच्या सत्तावीस तुमचे?" कुरोनुमा म्हणाले. "पाय किती आहेत तुम्हाला?"

एवढ्यात वरच्या मजल्यावरून बायकांचा लोंढा उतरला. घामाघूम, गाल लाल, आणि प्रत्येकीच्या पायात चांगले चकचकीत जोडे. सगळ्यांत पुढे फुसाए होती.

"हे तुझे निळे जोडे," कुरोनुमा म्हणाले. "यांच्या दाराशी होते."

"जुने आहेत ते. बिचारे एकटेच वाजवत बसतात, मान राहावा म्हणून आम्ही रोज जाता जाता जुने जोड ठेवतो."

मिकुरियांनी खाली मान घालून बाजा रुमालाने पुसायला घेतला.

"आणि माझ्या दाराशी?" कुरोनुमांचा आवाज चिरकला. "माझा मान कोणी राखायचा?"

"पहिल्यांदा तुमच्याच दाराशी ठेवले होते, चौघींनी. तुम्ही नेऊन खिडकीत जमा केलेत. सोडवताना आम्हाला तीन-तीन सह्या कराव्या लागल्या."

तक्रारीचे दोन्ही कागद आठवून कुरोनुमांनी छताकडे बघितलं.

"मग दहा ते अकरा तू असतेस कुठे?"

"वर, नाचाला. तिथे जोडे काढावे लागत नाहीत, म्हणून कोणाला मोजता येत नाही."

"कोणाबरोबर नाचतेस?"

"भटारखान्यातल्या उंच कानेशिरोबरोबर. छान घेतो गिरकी."

चिसातोने जिन्यावरच डोकी मोजली, आणि कोलंबोसाठी नाचाचा वर्ग ठरला. शुक्रवारी चटईच्या खोलीबाहेर एकच जोड होता, ओबा आजोबांचा. वर नाचायला दोन नवे विद्यार्थी आले होते. सगळ्या बायकांचे जोडीदार आधीच ठरलेले, तेव्हा शिकवणाऱ्या बाईंनी त्या दोघांना एकमेकांच्या हातात दिलं. स्टेशनमास्तर न्हाव्याच्या पायावर पाय देत होते, न्हावी स्टेशनमास्तरांच्या. पण दोघांचंही लक्ष पायांकडे नव्हतं. पलीकडे कानेशिरो फुसाएला गिरकी देत होता.

"जरा जास्तच जवळ नाही का उभा?" कुरोनुमा म्हणाले.

"फारच," मिकुरिया म्हणाले, आणि त्यांनी मास्तरांचा हात घट्ट धरला.