शेवटच्या प्रसंगातली सनई

हेडफोन बिघडला म्हणून समीक्षाने ‘पाणवठ्याआधी’चा शेवटचा प्रसंग पहिल्यांदाच टाकवे बुद्रुकच्या घरातल्या मोठ्या स्पीकरवर लावला. दुसऱ्या दिवशी लोणावळ्यात जाहीर वादविवाद होता. त्याआधी तिला तो आवाज एकदा नीट ऐकायचा होता.

‘पाणवठ्याआधी’ हा भिकाजी ढोरे यांचा जुना सिनेमा. ढोरे गेले, मूळ रिळं जळाली, आणि उरली ती इंटरनेटवर कुणा अनोळखी माणसाने टाकलेली एकच धूसर प्रत. ‘स्थिर चौकट’ या सिनेवेड्यांच्या ग्रुपवरचे लोक त्या प्रतीवरून वर्षभर एकमेकांचं तोंड बघत नव्हते. शेवटी नायिका कोरड्या विहिरीपाशी बसते. मागे एक खोल घरघर चालू असते. ती अचानक थांबते, एक लांब चिरका स्वर उठतो, आणि कॅमेरा नायिकेला सोडून बैलाच्या डोळ्यात शिरतो.

समीक्षा भौतिकशास्त्रात एमएस्सी होती आणि तळेगावच्या एका कारखान्यात यंत्रांची कंपनं तपासायची. घरघर एखाद्या यंत्राची आहे, हे तिने आलेख काढून दाखवलं होतं. तिच्या मते यंत्र म्हणजे निर्दय काळ, आणि चिरका स्वर म्हणजे नायिकेचं गेलेलं मूल. लोणावळ्यात घरचं चिक्कीचं दुकान सांभाळणाऱ्या फरदीनला हे साफ अमान्य होतं. त्याच्या मते घरघर म्हणजे तंबोऱ्याचा खर्ज आणि स्वर म्हणजे सनई. “मॅडम, तुम्ही आलेख बघत बसा. आम्ही कान वापरतो,” असं त्याने सगळ्यांसमोर लिहिलं होतं.

जिंकेल त्याचा लेख ग्रुपच्या पहिल्या पुस्तकात छापला जाणार होता. समीक्षाचं नाव आजवर फक्त तपासणी अहवालांच्या तळाशी छापून आलं होतं, त्यामुळे तिला हे पुस्तक हवंच होतं.

स्पीकर घरघरू लागला. स्वयंपाकघरातून नंदाबाई ओरडल्या, “गिरण कुणी लावली गं? निवृत्तीभाऊंनी तर कवाच मोडीत काढली ना?”

“आई, गिरण नाही. सिनेमा आहे.”

“मला शिकवतीस व्हय? आपल्या भितीला लागून भाताची गिरण व्हती. माझे कान गेले तिच्यापायी.”

समीक्षाने हसून आवाज वाढवला. तेवढ्यात गोठ्यातून तिचे वडील, कैलास, आत आले आणि पडद्यासमोर थबकले.

“आरं तिच्या! पाखऱ्या!”

“कोण पाखऱ्या, आप्पा?”

“आपला बैल! ह्या पिच्चरमधी काम केलंय त्यानं. टीव्हीवर लागला तवा मी लग्नाच्या शूटिंगचा क्यामेरा टीव्हीम्होरं लावून आख्खा उतरवून घेतलाता. थांब, आता बघ. पाखऱ्या दिसला की मी झूम केलाय.”

कॅमेरा बैलाच्या डोळ्यात शिरला. त्या झूमवर समीक्षाने दोन भागांत लेख लिहिला होता.

“आणि चित्रावरच्या ह्या आडव्या रेघा?” तिने क्षीण आवाजात विचारलं.

“अँटेना हालायचा ना.”

रेघांवरही एक लेख होता.

मग घरघर थांबली आणि स्वर उठला. नंदाबाई पदराला हात पुसत धावतच बाहेर आल्या. “समे! आगं, ही तर तू! गिरण थांबली की तुला जाग यायची, अन् मग असलं भोकाड पसरायचीस की इचारू नगं!”

आवाज थांबताच बाळ उठतं, याहून सरळ कार्यकारणभाव समीक्षाने आजवर बघितला नव्हता.

“पण आप्पा, ही कॅसेट इंटरनेटवर गेली कशी?”

“समद्या कॅसेटी मोबाईलमधी टाकून देणाऱ्याकडं दिलत्या. त्यानंच चढवली असंल.”

तिने तडक फरदीनला फोन लावला.

“फरदीन, तो तंबोरा नाहीये.”

“माहितीये. तुझ्या मते यंत्र आहे. काळ आहे. उद्या बोलू.”

“भाताची गिरण आहे, आमच्या शेजारची. आणि तुझी सनई मी आहे.”

फरदीन हळुवारपणे म्हणाला, “हरायची एवढी धास्ती घेतली असशील तर आजारी आहे म्हणून कळव ना. हे असलं नको.”

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलं होतं. ग्रुप चालवणारी समरीन सूत्रसंचालन करत होती. निकाल द्यायला सिनेमाचे संगीतकार दत्तोबा कडूसकर वलवणहून मुद्दाम आले होते आणि पहिल्या रांगेत डोळे मिटून बसले होते.

समीक्षाने सगळं खरं सांगून टाकलं. गिरणी, अँटेना, बैल, भोकाड, काहीही लपवलं नाही. कैलास उभे राहून म्हणाले, “देवाशपथ, म्याच उतरवलाय.” मागच्या रांगेतल्या एका बाईंनी शेजारणीला विचारलं, “हे रूपक आहे का?” शेजारीण म्हणाली, “असणारच.”

“सर, आता तुम्हीच सांगा,” समरीनने गोंधळून माईक कडूसकरांच्या हातात दिला.

कडूसकरांनी डोळे उघडले. “गिरणी! अचूक ओळखलंत. ढोरे म्हणाले, वाद्य नको. मी म्हणालो, मग गिरणी घ्या. गावोगाव गिरण्या ऐकत हिंडलो आम्ही.”

“सर, पण ही आमच्या भिंतीपलीकडची होती!”

“तीच आवडली असणार. आणि ते बाळ! किती बाळं रडवून पाहिली, एकालाही कोमल निषाद लागेना. याला लागला.”

“ऐकलंत का? निशाद लागला आपल्या समीला!” नंदाबाईंनी कैलासना कोपर मारलं.

समीक्षाचा आवाज चढला. “सर, सिनेमा माझ्या जन्माच्या आधीचा आहे!”

“थोर कलाकृती काळाच्या पुढेच असते, बाळ,” कडूसकर म्हणाले.

टाळ्यांनी सभागृह दणाणलं. फरदीन पांढराफटक पडला होता. “सर, म्हणजे सनई नव्हतीच?”

“सनई? छे! शेवटाला सनई कोण वाजवतं?”

यंत्राचा सिद्धांत खरा ठरल्यामुळे समीक्षा विजयी झाल्याचं समरीनने जाहीर केलं. समीक्षा हातातल्या पुष्पगुच्छाकडे बघत राहिली. शेजारी येऊन कैलास पडेल आवाजात म्हणाले, “येवढी मोठी मानसं सांगत्यात म्हंजी झूमबी त्यांचाच असंल. मला उगं वाटायचं, म्या केलाय.”

“पुढच्या महिन्याचा विषय,” समरीन माईकवर म्हणाली, “ढोरे यांच्याच ‘उजेडाचं वजन’मध्ये मध्यावर येणारा तो सुप्रसिद्ध संपूर्ण काळोख. प्रत त्याच अनोळखी खात्यावर आहे. समीक्षा, सुरुवातीचे दोन शब्द तूच बोल.”

“तो काळोख नाही, ते मौन आहे!” फरदीन जागेवरून ओरडला. त्याच्या गालांवर पुन्हा रंग आला होता. पहिल्या रांगेत कडूसकरांनी सावकाश डोळे मिटले. त्यांना काहीतरी आठवू लागलं होतं.

कैलास समीक्षाच्या कानाशी वाकले. “समे, त्या दिशी लाईट गेलती.”

समीक्षाने सभागृहाकडे पाहिलं. सगळ्यांच्या वह्या उघडल्या होत्या.

“आप्पा,” ती दबक्या आवाजात म्हणाली, “हळू बोला,” आणि तिने माईक हातात घेतला.