सुराचे पक्के, बोलीचे कच्चे

आमच्या कुकरची शिट्टी बेसूर आहे हे आम्हांला सांगितलं ते लाम यांनी. ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या या घरात येऊन जेमतेम आठवडा झाला होता. सकाळी अकराच्या सुमारास बेल वाजली. दारात पांढऱ्या शर्टातले, केस मागे बांधलेले, पंचावन्नच्या आसपासचे, किरकोळ अंगाचे एक गृहस्थ. मी शेजारी, लाम, असं म्हणून त्यांनी अदबीनं विचारलं, की तुमच्या स्वयंपाकघरात जे ओरडतं ते काय आहे? मी म्हटलं, वरणाचा कुकर. फार त्रास होतो का? त्यांनी मान हलवली. आवाजाचं काही नाही म्हणाले, पण पहिल्या दोन शिट्ट्या बी-फ्लॅट सुराला लागतात आणि तिसरी किंचित उतरते, तेवढं बघा.

मी लगेच सुधीरला ऑफिसात फोन केला, की शेजारी वेडा आहे. सुधीर माझा नवरा, पण आधी इंजिनियर. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "रिंग सैल झाली असेल का?" संध्याकाळी येताना त्यानं इंडियन स्टोअरमधून नवी रिंग आणली. दुसऱ्या दिवशी तिन्ही शिट्ट्या एका सुरात वाजल्या आणि कुंपणापलीकडून एक अंगठा वर आला.

मग आम्हांला त्यांची सवय झाली. लॉन कापायचं मशीन, फ्रिजची घरघर, सुधीरची शिंक, सगळ्याला लाम सूर सांगायचे. मी आपली समजत होते, की हे पियानो दुरुस्त करणारे असावेत. एकदा शिरा घेऊन त्यांच्याकडे गेले तर हॉलमध्ये सोफा नाही, खुर्ची नाही, फक्त हत्तीएवढा काळा पियानो. भिंतींवर पोस्टर्स: पॅरिस, कोपनहेगन, टोकियो, माँट्रियल. प्रत्येकावर हेच गृहस्थ, केस काळे असतानाचे. तीस वर्षं हा माणूस जगभर जॅझ वाजवत हिंडला होता आणि मी त्याला शिऱ्याबरोबर प्लास्टिकचा चमचा दिला होता.

पोस्टर्सकडे बघत ते म्हणाले, की एवढ्या देशांत छापलं, पण माझं नाव कुणीच नीट लिहिलं नाही. व्हिएतनामी अक्षरांवर वरखाली खुणा असतात. त्या गाळल्या की उच्चार बदलतो, म्हणजे माणूसच बदलतो.

"ऑलमोस्ट" हा त्यांचा लाडका शब्द. दर रविवारी ते सकाळपासून हाडांचं आणि मसाल्याचं सूप उकळत ठेवायचे. दालचिनी-चक्रीफुलाचा वास आमच्या बेडरूमपर्यंत यायचा. दुपारी चव घ्यायची, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, ऑलमोस्ट. कशाच्या ऑलमोस्ट, हे मी एकदा विचारलं. तेच आठवत नाही म्हणाले.

कसं आठवणार? सहा वर्षांचे असताना ते वडिलांबरोबर बोटीतून देश सोडून निघाले होते. आई आणि तान्ही बहीण मागच्या बोटीनं येणार होत्या. बहिणीला ताप भरला, ती बोट चुकली आणि पुढची निघालीच नाही. वडील टेक्ससच्या किनाऱ्यावर कोळंबीच्या बोटीवर कामाला लागले. त्यांनी मुलाला एकच सांगितलं, की इथे राहायचं तर इंग्रजी बोल. घरात दुसरी भाषा बंद. आईचा विषयही बंद. गावातल्या चर्चमध्ये एक पियानो होता, तेवढा उघडा होता.

आम्ही यायच्या आधी, म्हातारपणी वडील आजारी पडले तेव्हा लाम कार्यक्रम कॅन्सल करून शुगर लँडला त्यांच्या घरी आले आणि शेवटपर्यंत त्यांच्याजवळ राहिले. वडील गेल्यावर कपाट आवरताना आईचा एक फोटो सापडला. मागे पत्ता होता. त्या पत्त्यावर पाठवलेल्या पत्राला दोन महिन्यांनी बहिणीचं उत्तर आलं. आई होती. नदीकाठच्या त्याच गावात, त्याच घरात होती.

दुसरा कुणी असता तर पहिल्या विमानानं गेला असता. लाम यांनी शिकवणी लावली. आईशी बोलायला मध्ये दुभाष्या नको, हा त्यांचा हट्ट. ह्यूस्टनच्या एका बुद्धमंदिरात दर शनिवारी व्हिएतनामी भाषेचा वर्ग भरायचा. वर्गात बाकीचे सगळे सहा-सात वर्षांचे. त्यांच्यात मांडी घालून, चित्रांचं पुस्तक घेऊन लाम बसायचे. त्या भाषेत शब्द चढवला-उतरवला की अर्थ बदलतो. सुरांच्या राजाला हे सोपं जायला हवं होतं, पण बाई त्यांना सारख्या थांबवायच्या. तुम्ही शब्द गाता, म्हणायच्या, बोला. पहिल्या परीक्षेत लाम यांचा वर्गात शेवटून दुसरा नंबर आला. शेवटच्या मुलीला कांजिण्या झाल्या होत्या.

त्या भाषेत वय कळल्याशिवाय समोरच्याला हाक मारता येत नाही. त्यामुळे लाम भेटेल त्याला जन्मसाल विचारू लागले. पोस्टमनला विचारलं, माझ्या डेंटिस्टला विचारलं. मला त्यांनी धाकटी बहीण ठरवलं. सांगलीहून माझी आई सहा महिन्यांसाठी आली, तेव्हा तिलाही दारातच विचारलं. मी घाबरत भाषांतर केलं. आईनं सरळ साल सांगितलं. लाम यांनी बोटांवर हिशेब केला आणि जाहीर केलं, की तुम्ही माझ्या आत्या.

आईला हे फार पटलं. परक्या देशात तिला काकू-मावशी म्हणणारे पुष्कळ भेटले होते, आत्या कुणी केलं नव्हतं. ती त्यांच्याकडे जाऊन बसू लागली. तिला इंग्रजी येत नाही, त्यांना मराठी येत नाही. ती भाजी निवडायची, ते वाजवायचे. मध्येच ती "हां" म्हणायची, की ते तेवढाच तुकडा पुन्हा वाजवायचे.

दोन वर्षं होत आली तरी लाम यांची तयारी संपेना. एक दिवस आईनं मला विचारायला लावलं, की हा जात का नाही? ते म्हणाले, अजून वाक्यं चुकतात. मी तिला सांगितलं. तिनं हातातली गवार खाली ठेवली.

"त्याला म्हणावं, आईसमोर चुकायचं नाही तर कुणासमोर चुकायचं?"

मी तसंच सांगितलं. लाम यांनी पियानोचं झाकण लावलं. पंधरा दिवसांनी त्यांनी तिकीट काढलं. व्हिएतनाममधल्या सायगॉनच्या एका सभागृहानं त्यांना कधीपासून बोलावलं होतं. त्यांनी आधी तिथे वाजवायचं आणि मग गावी जायचं ठरवलं.

ते तीन आठवड्यांनी परत आले. आई तोवर सांगलीला गेली होती. चहाला बोलावलं तर आले, आणि काही न विचारता सांगू लागले. सायगॉनला पोस्टरवर त्यांचं नाव पहिल्यांदाच सगळ्या खुणांसकट छापलं होतं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. दुसऱ्या दिवशी बहीण त्यांना घ्यायला आली आणि दोघं गावी गेली.

त्यांची आई ओसरीवर बसली होती. लाम यांनी पाठ केलेली अकरा वाक्यं एकही चूक न करता म्हटली. आईनं नीट ऐकून घेतलं, उठून त्यांना खुर्ची दिली आणि मुलीला काहीतरी सांगितलं. बहिणीनं फोनमध्ये भाषांतर करून दाखवलं. आई म्हणत होती, हे सरकारी साहेब फार लांबून आलेत, यांना नारळपाणी दे.

मंदिरातल्या बाई मूळच्या हनोईच्या होत्या. त्यांनी शिकवली ती उत्तरेची, पुस्तकी बोली. आईला हल्ली नवं काही लक्षात राहत नव्हतं, पण आपल्या मुलखातला कोण आणि बाहेरचा कोण हे तिला बोलण्यावरून बरोबर कळत होतं.

मला हसूही येत होतं आणि बघवतही नव्हतं. ते स्वतः मात्र हसले. मग म्हणाले, की दुपारी आतून बहिणीनं आईला हाक मारली, "मा!" पुस्तकात आईला वेगळाच शब्द होता. ही हाक त्यांनी पन्नास वर्षांत ऐकली नव्हती, आणि ऐकल्याबरोबर त्यांना ओळखू आली. हाच शब्द. बोटीत चढताना त्यांनी हाच ओरडला होता. तो त्यांना परत मिळाला, पण तोंडून काही निघेना. बहिणीनं कितीदा सांगितलं तरी आई विसरायची; दहा दिवस ते साहेब म्हणूनच राहिले. आई त्यांना माशातले काटे काढून द्यायची, कारण साहेबांना सवय नसेल.

निघायच्या दिवशी तिनं त्यांना बाजूला बोलावलं. तुम्ही अमेरिकेत राहता ना, म्हणाली. माझा मुलगा तिथे आहे, सहा वर्षांचा. कुठे दिसला तर सांगा, मी इथेच आहे.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"हो म्हटलं. सांगतो म्हटलं."

चहा गार झाला होता. मी नवा टाकायला उठले, तेव्हा खरं तर मला त्यांच्याकडे पाठ करायची होती.

त्यानंतर लाम मंदिरात गेले नाहीत. व्हिएतनामी बाजारात पालेभाज्या विकणाऱ्या एक आजी आहेत, लाम यांच्या आईच्याच नदीकाठच्या मुलखातल्या. लाम रोज सकाळी त्यांच्या जुड्या बांधायला बसू लागले आणि त्या बोलतील तसं बोलू लागले. चार महिन्यांनी त्यांनी पियानो एका शाळेला देऊन टाकला आणि घराची किल्ली माझ्याकडे ठेवली. परतीचं तिकीट काढलं नव्हतं.

एअरपोर्टवर मीच त्यांना सोडायला गेले. हायवेला ट्रॅफिक होता. मी रेडिओ लावला नाही. शेजारच्या सीटवर लाम खिडकीबाहेर बघत पुटपुटत होते. मला वाटलं, पुन्हा वाक्यं पाठ करतायत. कान दिला तर एकच शब्द होता. मा. थोडं थांबून पुन्हा, मा. फार हळू, दार लोटून आत कुणी आहे का बघावं तसा. मी डाव्या, वेगाच्या लेनमधून निघून उजव्या लेनला आले आणि गाडी सावकाश चालवली.