शून्य लिटरचे मानकरी

सभेत ढुंढिराज गायधनींनी हात वर केला तो खरं म्हणजे दुसरा बटाटेवडा मागण्यासाठी. पण नेमकं त्याच क्षणी स्टेजवरच्या साहेबांनी विचारलं होतं, "जलमित्र व्हायला कोण तयार आहे?" टाळ्या पडल्या, छातीवर बिल्ला लागला, गळ्यात हार पडला. (वडा राहिला तो राहिलाच.)

नाशिकच्या गोदाछाया कॉलनीचं पाणी त्या दिवशी 'नीरधारा' नावाच्या कंपनीकडे गेलं. धरण तेच, पाइप तेच, पाणी सोडणारा भिकनसुद्धा तोच. त्याच्या अंगात आता नारिंगी टीशर्ट होता एवढंच. आणि नळाला म्हणे चोवीस तास पाणी! मात्र घरात पाणी साठवायचं नाही. साठवणूक म्हणजे कंपनीवर अविश्वास, असं साहेब म्हणाले.

विमा कार्यालयात चौतीस वर्षं कारकुनी केलेल्या ढुंढिराजांना आयुष्यात पहिल्यांदाच कोणी माइक दिला होता. त्यांनी जाहीर करून टाकलं, "माझ्या घरात यापुढे तांब्याभरसुद्धा पाणी साठणार नाही!"

ही प्रतिज्ञा ऐकून उत्तराबाईंनी नुसता पदर खोचला. बावीस वर्षं भिकन पहाटे साडेपाचला पाणी सोडत आला होता आणि बावीस वर्षं त्या साडेपाचला उठत आल्या होत्या. कालचं पाणी 'शिळं' म्हणून जास्वंदीला ओतायचं, हंडे, कळश्या, निळं पिंप विसळायचं आणि सगळं ताजं भरायचं. कंपनी आल्यावरही त्यांचा नेम चुकला नाही.

"अगं, नळाला चोवीस तास पाणी आहे. आता ते शिळं कसं होईल?"

"नळातलं नाही होत. हंड्यातलं होतं."

"मग हंडा भरतेस कशाला?"

"नळाचं गेलं तर?"

"जाणार नाही!"

"भिकनही असंच म्हणायचा."

अशा बायकोसमोर जलमित्र काय करणार? तो शनिवारची वाट पाहणार. शनिवारी उत्तराबाई यशश्रीला घेऊन साडी आणायला मेनरोडला गेल्या. यशश्री म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. तिने आणि विहंगने एकमेकांना केव्हाच पसंत केलं होतं, पण रविवारी विहंगचे आईवडील पिंपळगाव बसवंतहून 'घर बघायला' येणार होते. विहंगच्या आईची टापटीप अशी, की दुसऱ्याच्या घरी बसण्याआधी त्या खुर्चीवरून बोट फिरवतात, अशी बातमी होती. त्या घरात मुलगी जायची, म्हणून उत्तराबाईंना आठवडाभर झोप नव्हती.

ढुंढिराजांनी ठरवलं, घर सुटसुटीत दिसलं पाहिजे. त्यांनी हंडे रिकामे करून माळ्यावर टाकले. निळं पिंप भंगारवाल्याला देऊन टाकलं. प्लंबर बोलावून गच्चीवरची टाकी बंद केली आणि कंपनीचं पाणी थेट घरात घेतलं. उत्तराबाई परत आल्या, त्यांनी मोरी पाहिली आणि एक शब्दही बोलल्या नाहीत. (तीस वर्षांच्या संसारात असं दोनदाच झालं होतं, आणि दोन्ही वेळा ढुंढिराजांना ताप भरला होता.)

रविवारी पहाटे सोडताक्षणीच नळ 'फुस्स' म्हणाला आणि गप्प झाला. ढुंढिराजांनी हेल्पलाइन लावली.

"सर, आपल्या घरी मोठी गळती आहे. रोज पहाटे साडेपाचला एकदम पाचशे लिटर जातं. म्हणून सिस्टिमने कनेक्शन बंद केलंय."

"ती गळती नाही हो, ती माझी बायको आहे!"

"गळती आता थांबली का, सर?"

"थांबणारच! पाणीच नाही!"

"थँक यू, सर. तक्रार निकाली काढलीय. कनेक्शनचं उद्या ऑफिस उघडल्यावर बघू."

ढुंढिराज चपला न घालताच कोपऱ्यावर धावले. भिकन व्हॉल्वच्या खड्ड्याशी बसला होता.

"भिकन, अकराला पाहुणे येताहेत. दहा मिनिटं सोड रे बाबा!"

"पहिले च्या तर सांगा, काका."

"अरे, घरात पाणी नाही, चहा कशाचा करू?"

"मंग कसं व्हायचं?" भिकन हळहळला. "अन् च्या पाजला तरी उपेग नाय. कंपनीनी माझी चावी जमा करून घेतली. तुमच्या घरचं समदं कॉम्प्युटरवर हे. आता त्या कॉम्प्युटरलाच च्या पाजा."

ढुंढिराजांना रडू यायचं बाकी राहिलं. आपल्या एका वड्यापायी पोरीचं लग्न मोडणार, असंच त्यांना वाटू लागलं. इतक्यात शेजारच्या नसीमभाभींनी फाटकातून हाक मारली, "भाईसाब, पाणी घेऊन जाव ना! मी त्या कंपनीवाल्यांना हाँ हाँ म्हटलं आणि एक पिंप ज्यादा भरून ठेवलं."

पिंप निळं होतं. कडेला पांढऱ्या रंगात 'गायधनी' लिहिलेलं होतं. "काल भंगारवाल्याकडून घेतलं," भाभी म्हणाल्या. "मजबूत आहे."

मग खेपा सुरू झाल्या. सातवी खेप चालू असताना दारात गाडी थांबली. खांद्यावर हंडा, ओलं धोतर, छातीवर जलमित्राचा बिल्ला, अशा अवतारात ढुंढिराज होणाऱ्या विहीणबाईंसमोर उभे राहिले. लपायला जागा नव्हती.

विहीणबाईंनी त्यांना नखशिखान्त न्याहाळलं. "घरात पाणी तुम्ही भरता?"

"हो... म्हणजे, आज..."

"विहंग, बघून ठेव," त्या म्हणाल्या. "तुझ्या वडिलांनी अठ्ठावीस वर्षांत पेला उचलला नाही. यांचा हंडा घे."

विहंगने हंडा घेतला आणि लग्न ठरलं. बोट कुठेही फिरलं नाही. उत्तराबाई स्वयंपाकघरात जाऊन पदरात तोंड लपवून रडल्या, आणि बाहेर आल्यावर नवऱ्याला दोन वडे जास्त वाढले.

सोमवारी कंपनीचा मेसेज आला: 'अभिनंदन! काल आपला वापर शून्य लिटर. आपण वॉर्डाचे आदर्श ग्राहक आहात.' बुधवारी कोपऱ्यावर दहा फुटी फ्लेक्स लागला. त्यावर हार घातलेले, हसरे ढुंढिराज आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'साठवणूक सोडा, विश्वास जोडा!'

पंधरा दिवसांनी फ्लेक्स उतरला, तो उत्तराबाईंनी भिकनकडून मागून घेतला. ढुंढिराज मनातून सुखावले. त्यांना वाटलं, दिवाणखान्यात लागणार.

आता रोज पहाटे साडेपाचला ढुंढिराज उठतात. नसीमभाभींकडून परत आलेल्या निळ्या पिंपाची दोरी सोडतात, त्यावर झाकण म्हणून घट्ट बांधलेलं स्वतःचं हसरं तोंड बाजूला करतात, शिळं पाणी जास्वंदीला ओततात आणि ताजं भरतात. मात्र हळूहळू, एका वेळी एकच बादली. गळती वाटायला नको.