पारनेर–सुपा मार्गीं लाल दिव्याचे बंड आणि त्याचा बंदोबस्त

श्रीगजाननाचे स्मरण करून, सत्यास सोडून न जातां आणि त्यास फार खेटूनही न बसतां, मजकूर लिहिला जातो ऐसा की, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, आश्विन मासीं, राजश्री कानिफनाथ, धनी एक पांढरी मिनीबस, आसने बावीस, हे पारनेर प्रांतीं सुखे राज्य करीत असतां गाडीचे पोटांतूनच एक गनीम उत्पन्न जाहला, आणि त्याने सात दिवस मुलूख हैराण करून सोडिला.

या राज्याची रीत ऐसी की, रोज सकाळीं सहा वाजतां पारनेरच्या स्टँडासमोरून स्वारी निघावी, हंगा गांवावरून कामगार मंडळी गोळा करीत जावे, आणि सातचे आंत सुप्याच्या एमआयडीसीत कंपनीचे दरवाजीं सर्वांस उतरवावे. कंपनीत गाड्यांचे कारभारी राजश्री सुमंतराव, जिभेने गोड आणि घड्याळाने कठोर. त्यांचे फर्मान भिंतीस डकविलेले होते की, जी बस एका महिन्यांत तीन वेळां सातनंतर पावेल, तिचा मार्ग काढून दुसऱ्यास द्यावा. हा दुसरा म्हणजे गोरक्षनाथ, नव्या निळ्या बसचा धनी, जो दरवाज्यासमोरील टपरीवर चहा घेत कानिफनाथाचे वाटेकडे ऐसा डोळा लावून बसे की, दिवाळसणास जावयाची वाटही कोणी तैसी पाहिली नसेल. आणि कानिफनाथास या मार्गाविना दुसरा मुलूख नव्हता. चौदा वर्षे तोच रस्ता, त्यांतील खड्ड्यांशींही घरोबा.

दसऱ्याचे दिवशीं मातोश्री रतनबाई यांणीं शिरस्त्याप्रमाणे बसची पूजा केली. झेंडूचा हार, चाकाखालीं लिंबू, बॉनेट उघडून इंजिनास हळदकुंकू, कलश, अक्षता, नारळ, सर्व यथासांग जाहले. मातोश्रींचा दंडक ऐसा की, पूजेचे पाणी पायदळीं जातां कामा नये. त्या दिवशीं कलशातील पाणी कोठे गेले, याची नोंद कोणी ठेविली नाही. तुळशीस गेले असेल ऐसा समज सर्वांनी केला, आणि लिहिणारानेही तोच केला, हा दोष कबूल.

पुढे सोमवारीं स्वारी हंगा ओलांडते न ओलांडते तोंच समोरच्या फलकावर लाल दिवा लागला. त्याचा अर्थ, इंजिनास थंड ठेवणारे जे औषधी पाणी, ज्यास कुलंट म्हणतात, ते टाकींत सरले. कानिफनाथाने गाडी बाजूस घेऊन पाहिले तों टाकी काठोकाठ! परंतु गाडीचे पोटीं जो संगणक बसतो तो फार भित्रा मुत्सद्दी; तो डोळ्यांनी पाहात नाही, टाकीस लाविलेला सेन्सर नामें चौकीदार सांगेल तेंच खरे मानितो. चौकीदार म्हणे पाणी नाही, सबब संगणकाने इंजिनाचा लगाम खेचिला, आणि बस ताशीं वीसाचे चालीने, वरातीसारखी, मार्ग क्रमूं लागली. तेव्हां पुढील आसनावरील निकिता, जी कंपनींत पॅकिंगचे कामावर असे, ती बोलिली, "काका, मागून ट्रॅक्टर येतोय रोटाव्हेटर घेऊन. साईड द्या त्याला, घाईत हाय बिचारा."

त्या दिवशीं स्वारी सात वाजून अकरा मिनिटांनी पावली. सुमंतरावांनी वहींत पहिली खूण केली. गोरक्षनाथाने टपरीवर दुसरा चहा सांगितला.

मग कानिफनाथाने बन्सी मिस्त्री यांस पाचारण केले. हे बन्सी पारनेरांतील गॅरेजचे किल्लेदार, वय साठ, चष्मा एका काडीचा. त्यांणीं मसलत दिली की चौकीदार फितूर जाहला, त्यास बडतर्फ करावा. मग नगरहून नवा सेन्सर आणिला, जुना टाकीच्या बाहेरून उपसून काढिला, नवा तेथें नेमिला, आणि दिवा विझला नाही. मग तारांची झडती घेतली, पिना घासल्या, फ्यूज बदलिले, आणि दिवा विझला नाही. मग बन्सी म्हणाले की हा सेन्सर स्वस्तांतला, अस्सल वंशाचा पाहिजे. मग अस्सल वंशाचा, डबींत, डबी पिशवींत, पिशवी खोक्यांत, ऐसा पडदानशीन सेन्सर बुधवारीं आणविला, त्यासही नेमिले, आणि दिवा विझला नाही. हे दोन दिवस गाडी गॅरेजांतच उभी, मंडळी सुमंतरावांस कळवून एस.टी.ने गेली. गुरुवारीं स्वारी सात वाजून नऊ मिनिटांनी पावली. दुसरी खूण जाहली. सुमंतराव हळूच म्हणाले, "कानिफनाथ, मला वाईट वाटतंय हो. पण नियम मीच टाईप केलाय." आणि गोरक्षनाथ त्या दिवशीं टपरी सोडून हंग्यापर्यंत रस्त्याची पाहणी करून आला.

शुक्रवारीं आणि शनिवारीं कानिफनाथाने पाव तास अगोदर निघून, वीसाचेच चालीने, कशीबशी वेळ राखिली. परंतु मंडळी डोळे चोळीत कुरकुरूं लागली, आणि सोमवारपासून पहिली पाळी साडेसहास लागणार, सातचे जागीं साडेसहा धरावे, ऐसे फर्मान निघाले. रविवार तेवढा हातीं राहिला.

आश्विन वद्य षष्ठी, रविवार, दोन प्रहरीं गॅरेजांत निर्वाणीचा संग्राम मांडिला. मातोश्री जेवणाचा डबा घेऊन आल्या आणि जुन्या टायरावर सिंहासनारूढ जाहल्या. बन्सी मिस्त्रींनी फुटक्या स्पीकराचे लोहचुंबक आणिले आणि सेन्सराचे शेजारीं टाकीस टेंकविले, तों दिवा विझला! चुंबक काढितां लागला, लावितां विझला. मग बन्सी चष्मा कपाळीं चढवून बोलिले की, चौकीदार इमानी आहे, त्यास आपण तीन वेळां नाहक बदनाम केले. टाकीचे आंत एक तरंगता गट्टू, त्याचे पोटीं चुंबक. पाणी भरलें की गट्टू वर येतो, आणि चौकीदारास खूण पटते. तो गट्टूच आंत कोठे अडकला असावा, आणि गाडी घडविणाऱ्या कंपनीने टाकी तर चोहोंकडून बंद केली. नवी टाकी विचारली तर नगरचा दुकानदार फोनवर म्हणे, चार दिवस.

"तात्या, एक सांगू?" बन्सी कानिफनाथास म्हणाले. "ह्ये चुंबकच बांधू टेप लावून. दिवा न्हाई, कटकट न्हाई. गोरक्ष्या बसला चहा पीत."

कानिफनाथाने चुंबक टाकीवरून काढून खालीं ठेविले. समोर मार्ग होता, मागें चौदा वर्षे होतीं. मग म्हणाले, "आन खरंच पानी सरलं तर? बावीस माणसं हायती माझ्या मागं. त्या दिव्याचं तोंड बांधून मी गाडी न्हाई हाकायचो. टाकी काढ."

हें वाक्य या मोहिमेंत सर्वांत थोर, परंतु टायरावरून त्याच वेळीं "चटणी देऊ का?" ऐसा प्रश्न आल्यामुळे त्यास म्हणावी तैसी शांतता लाभली नाही.

मग टाकी काढिली, पाणी परातींत ओतिले, गरम पाणी घालून टाकी खळखळविली, आणि उपडी करितां परातींत टपटप कांहीं पडले. बन्सींनी वांकून पाहिले. पिवळे, फुगलेले, हळदीने माखलेले तांदूळ.

"तात्या," बन्सी गंभीरपणें म्हणाले, "टाकीत लगीन लागलं व्हय रं?"

कानिफनाथाने तांदूळ ओळखिले. मान हळूहळू टायराकडे वळली. मातोश्री भाकरी मोडीत होत्या.

"आई."

"म्याच घातल्या," मातोश्री बोलिल्या. "कलशातलं पानी हुतं, त्यात अक्षता हुत्या. तुळशीला घालायचं तर तुळस तुमी रंग द्यायला उचलून ठिवलेली. मग पायदळी तुडवायचं? बन्सीच त्यात रंगीत पानी वततो, मी बगितलंय. मनलं, गाडीची पूजा, गाडीचं तीर्थ गाडीलाच पाजावं."

"आई, त्या अक्षतांनी माझं राज्य जात हुतं!"

"देवाचा परसाद गाडीला पचला न्हाई, त्यात देवाचा काय दोष?"

ऐसे म्हणून मातोश्रींनी पुढील भाकरी मोडिली.

परंतु संग्राम संपला नव्हता. टाकी पुन्हां जोडिली तों दिवा कायम. एक शेवटचा तांदूळ गट्टूचे कडेस फटींत ठाण मांडून बसला होता. बन्सींनी टाकी पुन्हां उतरविली, तार घातली, हवेची नळी लाविली, देवांस शिव्या आणि तांदळास आर्जवे केलीं. मग मातोश्री हात धुवून उठल्या, टाकी मागितली, आणि अरुंद तोंडाच्या बरणींतून लोणचे काढावे तैसी ती तिरपी धरून बुडावर तीन चापट्या दिधल्या. पहिलीस कांहीं नाही. दुसरीस कांहीं नाही. तिसरीस आंतून टक् ऐसा आवाज जाहला, गट्टू सुटला, आणि तो बंडखोर, लांबी बोटाचे अर्ध्या पेऱ्याहून कमी, परातींत येऊन शरण पडला.

टाकी जोडून पाणी भरितां दिवा विझला. बन्सींनी हात जोडिले, ते कोणास हें कळले नाही.

सोमवारीं वद्य सप्तमीस साडेपाचास निघालेली स्वारी सहा वाजून चोवीस मिनिटांनी कंपनीचे दरवाजीं पावली. सुमंतरावांनी घड्याळ पाहिले, पुन्हां पाहिले, आणि लेखणी टोपणांत घालितां त्यांचे चेहऱ्यावर नियम टाईप करणाऱ्यास न शोभणारा आनंद दिसला. टपरीवर गोरक्षनाथाचा चहा निवत होता. निकिता उतरतां उतरतां म्हणाली, "काका, उद्या जरा सावकाश घ्या. डोळा लागत न्हाई मग."

त्याच सायंकाळीं विजयाची पूजा ठरली. मातोश्री कलश घेऊन निघाल्या तों कानिफनाथ दोन्ही हात पसरून बॉनेटापुढें उभे. मग तह जाहला तो येणेप्रमाणें: तुळस वृंदावनीं परत बसवावी, तीर्थ तिलाच द्यावे, बसच्या नशिबीं फक्त हळदकुंकू, तेंही बाहेरून, आणि टाकीचे झाकणास कड्या लावून कुलूप घालावे, जेणेकरून पुन्हां फितुरी न व्हावी. तह उभयपक्षीं मान्य जाहला आणि कुलूप तत्काळ बसले.

किल्ली, त्या घरच्या सर्व किल्ल्यांप्रमाणेच, मातोश्रींचे कनवटीस राहिली. बंडाचा बंदोबस्त सबब पुरता जाहला, ऐसी नोंद येथें करून, पुढील दसऱ्यापर्यंत शाई वाळूं दिली आहे.