अकरा संगणकांचा तलाक

"इंजिनियरसाहेब, माझ्या पलंगाचा पुन्हा फोटो झाला!"

खालच्या मजल्यावरून हिशेब आणि आराखडे सांभाळणाऱ्या मादाम इन्शिराहची हाळी आली आणि वर रिफ़अतच्या हातातला घास हातातच राहिला. सोमवारपासूनची ही नववी हाळी होती. घास त्याने परत कागदात गुंडाळला, इतका जोर लावून की भाकरीतून वाटलेल्या शेंगांचं सारण बाहेर आलं आणि थेट शर्टावर सांडलं.

इजिप्तमधल्या दमिएत्ता गावातल्या हाजी मुतवल्लींच्या फर्निचरच्या कारखान्यात संगणक अकरा होते आणि अकरांना मिळून रिफ़अत एक. इंजिनियरिंग कॉलेज त्याने बसच्या खिडकीतून पाहिलं होतं; पण त्या गावात हातात रंधा न धरता पगार घेणाऱ्या माणसाला इंजिनियरसाहेबच म्हणतात. काम म्हणाल तर एवढंच, की पलंगाचा आराखडा पलंगाच्या प्रोग्राममध्ये उघडला पाहिजे. पण संगणक दर आठवड्याला आपणहून सुधारायचा, आणि सुधारला रे सुधारला की पलंगांचे आराखडे उचलून फोटो बघायच्या प्रोग्रामच्या पदरात घालायचा. त्या प्रोग्रामला पलंगातलं काय कळतंय? तो काळाठिक्कर पडदा दाखवून मोकळा. मग रिफ़अतने अकरा टेबलांपुढे जायचं, अकरा वेळा योग्य तो प्रोग्राम निवडायचा आणि 'नेहमी यातच उघडा' या चौकोनात खूण करायची. हे 'नेहमी' पुढच्या सोमवारपर्यंत टिकायचं.

"बुधवारी बारा वाजता मन्सूरा गावची हज्जा तफ़ीदा येतेय," हाजींनी त्याला बजावलं होतं. "मुलीच्या लग्नाचं सामान घ्यायचंय. मागे आणखी तीन मुली आहेत बाईला. ही पटली तर चौघींचं सामान आपलं. आराखडा पडद्यावर दिसला नाही, तर तूही मला दिसू नकोस."

रिफ़अतची आग तळपायातून निघाली ती थेट बोटांत उतरली. मंगळवारी दिवसभर बसून त्याने एक हत्यार लिहिलं. त्याला ना चित्र, ना बटण. काळ्या खिडकीत शब्द लिहायचे आणि एंटर मारायचं. नाव ठेवलं मअझून, म्हणजे बगलेत दफ्तर मारून निकाह लावत फिरणारा तो गृहस्थ. 'दफ्तर' असं लिहिलं की कोणत्या जातीची फाइल कोणत्या प्रोग्रामच्या घरी नांदते याची यादी यायची. 'निकाह' लिहून पुढे दोन नावं द्यायची, आधी माहेर, मग सासर, की माहेरच्या झाडून सगळ्या फाइली सासरी रवाना. आणि 'तलाक' लिहिला की केलेलं सगळं मोडून संगणक विकत आणला तसा कोरा. तलाक रागाच्या भरात होऊ नये म्हणून रिफ़अतने तो तीनदा लिहिल्याशिवाय मानायचाच नाही असं करून ठेवलं. स्वतःचा राग तो ओळखून होता.

फक्त एक शहाणपण त्याने जास्तीचं केलं. इन्शिराहला समजावं म्हणून प्रोग्रामांची नावं अरबीत ठेवली.

बुधवारी दहा वाजता त्याने निकाह लिहिला. माहेर: फोटोवाला. सासर: पलंगवाला. एंटर मारण्याआधी एकदा वाचून पाहिलं, आणि भडकला. अरबी माणूस उजवीकडून वाचतो. ती काळी खिडकी इंग्रजांची, डावीकडून लिहिणारी. उजवीकडून पाहिलं तर आधी पलंगवाला, मग फोटोवाला!

"उलटं लिहिलं की रे गाढवा!" असं तो स्वतःलाच म्हणाला, आणि जे बरोबर होतं ते उलटवून त्याने एंटर मारलं. अकरा टेबलं हिंडायला नको म्हणून तो हुकूम एका दमात अकरा संगणकांवर जाईल अशी सोय आधीच केलेली होती.

"इंजिनियरसाहेब!" खालून लगेच आवाज आला. "काल नुसत्या पलंगांचा फोटो झाला होता. आज कपाटं, ड्रेसिंग टेबलं, सगळंच गेलं हो!"

"हात लावू नका कशाला!"

"मी कुठे लावतेय? हात तुमचेच चाललेत!"

इथे शहाण्या माणसाने पाणी प्यायलं असतं. रिफ़अतने माहेरच्या जागी 'सगळे' लिहिलं, सासर पलंगवाला, धाडकन एंटर मारलं आणि रागाने काळी खिडकीच मिटून टाकली. म्हणे, आता बघतो कोण कुठे पळतं ते.

कुणीच पळालं नाही, हीच तर पंचाईत झाली. संगणकाच्या लेखी पत्र ही एक जात, गाणं ही एक जात, आणि स्वतः प्रोग्राम हीसुद्धा एक जातच. इन्शिराहने पगारपत्रकावर टिचकी मारली, पलंगवाला उघडला. कॅल्क्युलेटर काढला, पलंगवाला. पत्त्यांचा खेळ उघडला (तो ती कधीच खेळत नसे, चुकून बोट लागलं), तरी पलंगवाला. आणि दर वेळी तो एकच गाऱ्हाणं घालायचा: 'हा पलंग नाही.' रिफ़अतने खुद्द मअझूनला हाक मारली, तर पलंगवाला मअझूनकडे निरखून म्हणाला, हाही पलंग नाही.

अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती. दारातून हाजींचं पोट आणि मागोमाग हाजी आत आले.

"दाखव आराखडा."

"जरा... सगळ्या फाइलींचा निकाह एकाशीच लागलाय, हाजी."

"एकाशी? किती फाइली?"

"चारशे जाती."

"चारशे!" हाजींनी कपाळावर हात मारला. "अरे, शरियतमध्ये चार बसतात रे, चार! बाई पुलावर पोहोचलीय. एक तर पलंग दाखव, नाहीतर तुझी पेटी उचल."

आता एकच वाट उरली होती. संगणक बंद करून असा चालू करायचा की त्यात काळ्या खिडकीशिवाय काही उठणारच नाही, आणि तिथे तलाक लिहायचा. असं केलं की अकरा संगणकांना जोडणारं जाळंही उठत नाही, त्यामुळे प्रत्येक यंत्रावर वेगळा. रिफ़अत जिन्यात उभा राहिला आणि वरखाली ओरडू लागला. रात्रभर साठलेलं, आठवडाभर साठलेलं, सात वर्षं साठलेलं सगळं त्या आवाजात होतं.

"लिहा, तलाक!"

"लिहिलं!" खालून इन्शिराह.

"पुन्हा तलाक!"

"लिहिलं! हा विचारतोय, पूर्ण विचार केलाय का?"

"केलाय म्हणावं! कंटाळा आलाय म्हणावं या रोजच्या संसाराचा! तिसऱ्यांदा तलाक! सगळ्यांना तलाक! एकीलाही ठेवू नका!"

आणि खाली दारात हज्जा तफ़ीदा उभी होती. शेजारी नवरी, नवरीमागे नवरा मुलगा वाइल. लग्नाचं सामान घ्यायला आलेल्या माणसांच्या कानावर उंबऱ्यातच तो शब्द तीनदा पडला होता. वाइलच्या हातातला मिठाईचा खोका तिरका झाला. हाजींनी डोळे मिटून घेतले.

हज्जाने मान वळवून जावयाकडे पाहिलं. असं पाहिलं, जसं याआधी कधी पाहिलंच नव्हतं.

"ऐकलंस?" ती म्हणाली. "एवढं सोपं असतं. कंटाळा आला की झालं."

"आई, मी कुठे काय बोललो?"

"कुणीच आधी बोलत नाही, बाळा. हाजी, आराखडा नको. मला सांगा, तुमचा सगळ्यात जड पलंग कोणता?"

"जड?" हाजींनी एक डोळा उघडला.

"सहा माणसांना उचलणार नाही असा. बीच लाकडाचा, वरून सोन्याचा वर्ख, पायापर्यंत कोरीव. कपाट आठ दारांचं. सगळं नवरीच्या सामानाच्या यादीत चढवायचं आणि खाली याची सही. सोडायचं म्हटलं तर यादीतलं सगळं भरून द्यावं लागेल. तोंडातून शब्द काढण्याआधी माणसाला कपाट आठवलं पाहिजे."

"आई, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर आहे, त्यात हा पलंग जाणार कसा?" नवरीने हळूच विचारलं.

"भिंत पाडू. संसार नको पडायला."

वाइलने सही केली. उरलेल्या तिघींचं सामानही हज्जाने तिथेच सांगून टाकलं, त्यांच्यासाठी अजून मुलं पाहिलेली नसतानाही.

दुसऱ्या दिवशी अकराही संगणक सरळ चालत होते. पलंग पलंगात उघडत होता, फोटो फोटोत, आणि रिफ़अत सात वर्षांत पहिल्यांदाच गरम चहा गरम असताना पीत होता. तेवढ्यात हाजी जिना चढून धापा टाकत वर आले.

"चल, जिन्यात उभा राहा. खाली काफ्र साद गावचे लोक आलेत. नवरीचा बाप चिक्कू आहे, साधा पलंग मागतोय."

"हाजी, सगळं नीट चाललंय. ओरडायचं कशासाठी?"

"पगार कशाचा घेतोस? ओरड."

रिफ़अत जिन्यात गेला. घसा खाकरला. चुकलेल्या फाइली आठवून पाहिल्या, काळी खिडकी आठवली, शर्टावरचा डागसुद्धा खाली वाकून पाहिला.

"तलाक," तो म्हणाला.

"हे काय दुधाचं बिल मागतोयस?" हाजी खेकसले. "कालच्यासारखं! आतून!"

त्याने पुन्हा तोंड उघडलं. खाली गिऱ्हाईक वर मान करून बघत होतं, वर हाजी कमरेवर हात ठेवून उभे होते, आणि इंजिनियरसाहेबांना काही केल्या राग येईना.