रिकाम्या जागेतला वाघ

लहानू पेंटरच्या घरात दोन पक्ष होते. ब्रशचा पक्ष ओसरीवर बसायचा आणि कॉम्प्युटरचा पक्ष समोरच्या खोलीत. ब्रशच्या पक्षात लहानूभाऊ एकटेच, आणि कॉम्प्युटरच्या पक्षात त्यांची एकुलती एक लेक रश्मी. त्यांची बायको बायनाबाई कोणत्याच पक्षात नव्हत्या, कारण दोन्ही पक्षांना दोन्ही वेळा गरम भात लागायचा.

लहानूभाऊ म्हणजे सावली तालुक्यातलं नावाजलेलं माणूस. झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवावेत ते त्यांनीच. त्यांच्या पडद्यावर बोट टेकवायला जागा सापडायची नाही. जंगल रंगवायचं म्हटलं की धबधबा आला, धबधब्यावर चंद्र आला, चंद्राखाली मोर, मोराशेजारी हरणं, आणि एवढं करूनही कोपऱ्यात वीतभर कापड उरलंच तर तिथे एक ससा. "जागा रिकामी सोडनं म्हंजे गिऱ्हाइकाच्या मापात काटा मारनं," असं ते म्हणायचे. पुढे फ्लेक्स आला, पडद्यांची कामं आटली, आणि लहानूभाऊंनी रागाच्या भरात ब्रश डब्यात उभे केले. ते अजून तिथेच उभे होते.

आणि नेमकी पोटची पोर नागपूरहून ग्राफिक डिझाइन शिकून आली! फ्लेक्सच करणार म्हणाली. वर रिकाम्या जागेवर तिचा भारी जीव.

"बाबा, नजरेले बी टेकाले जागा लागते," ती म्हणायची. "सगळेच ओरडून राह्यले तं आयकाचं कोनाचं?"

"नजरेले टेकाचं असन तं खाटेवर टेकव. आमाले सांग, कलेपेक्षा तुया डिझाइनात काय जास्तीचं हाय?"

"कला पाहून मानूस थांबते, बाबा. डिझाइन पाहून मानूस हलते. पाटी पाहून त्यानं काहीतरी केलं पाह्यजे."

"हलते म्हने! इथी मान्सं सरपंचानं हलवली नाई हलत!"

अशात गावाच्या व्याघ्र जागृती समितीचे अध्यक्ष गुणवंतराव घरी आले. धानकापणीचे दिवस, नहराकडे म्हणजे गावच्या कालव्याकडे वाघाचा वावर, आणि लोक एकटेदुकटे मोबाइलवर गाणी लावून शेतात जाणारे. गावाच्या वेशीवर मोठा फ्लेक्स लावायचा होता. रश्मीचं हे गावातलं पहिलंच काम. पोरीने जीव ओतला. माळ्यावर काय चढली, धुळीने माखून शिंकत काय उतरली, दार लावून बसली काय. लहानूभाऊंना वाटलं, जुनी पुस्तकं शोधत असेल. मूल गावी जाऊन तिने फ्लेक्स छापून आणला तेव्हा ते मुद्दाम भिंतीकडे तोंड करून पडले. "मी त्याच्याकडे ढुंकून पाहनार नाई," त्यांनी भिंतीला सांगितलं.

गुणवंतरावांच्या अंगणात फ्लेक्स उलगडला. वाळलेलं पिवळं गवत, नुसतं गवतच गवत, आणि त्यात एका बाजूला खऱ्याएवढा एकच वाघ. तळाला एकच ओळ: 'तो पाहून राह्यला. एकटे जाऊ नका.' समितीने फ्लेक्सभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"बम झकास हाय," अखेर गुणवंतराव म्हणाले. "वाघ हाय, गवत हाय. पन अध्यक्ष कुठी हाय?"

"काका, लोकाईनं वाघाले भ्याचं हाय. तुमाले कायले भेतीन?"

"भेत नाई, तेच तं दुखनं हाय! अन् एवढी जागा रिकामी! पूरी समिती बसते त्यात, वरून शुभेच्छुक बी."

वारलूभाऊ समितीचे सचिव. त्यांनी गवतावर बोट फिरवून कोणाचं डोकं कुठे बसेल ते दाखवून दिलं. तसा नवा फ्लेक्स झाला आणि वेशीवर लागलाही. त्यात समितीचे सगळे चेहरे हात जोडून हसत होते आणि वाघ गुणवंतरावांच्या कानामागे बसला होता, कानातल्या बाळीएवढा.

समितीने नाकारलेला फ्लेक्स रश्मीने तसाच गुंडाळून घरी आणला आणि कोपऱ्यात फेकला. डोळे भरलेले, पण आवाज कोरडा. "पुन्याच्या कंपनीनं बोलावलंच हाय. जातो मी. इथी माह्या कामाची कोनाले गरज नाई."

लहानूभाऊंना 'जाऊ नको, पोरी,' एवढंच म्हणायचं होतं. पण चाळीस वर्षं लोकांना रंग कमी पडला म्हणून झापणाऱ्या माणसाच्या तोंडून गोड शब्द सहजी निघतो थोडाच? ते म्हणाले, "जाचं असन तं जा. पन जाच्या आंधी ह्या गावातला एक मानूस त्या डिझाइननं हलवून दाखव. हलला तं माह्या हातानं तुया दुकानाची पाटी रंगवून देतो!"

"अन् नाई हलला तं सोमवारी मी पुन्याच्या गाडीत," रश्मी म्हणाली. तोंडातून गेलं ते गेलं. लहानूभाऊ त्या रात्री जेवताना दुसऱ्यांदा वरण घ्यायचं विसरले.

दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं. शेतात कापलेल्या धानाचा पुंजणा, पेंढ्यांचा मोठा ढीग, रचून ठेवलेला, उघडा. बायनाबाईंना ना कलेशी घेणं ना डिझाइनशी देणं. घरात चांगला धडधाकट फ्लेक्स लोळतोय आणि धान भिजवायचं? या बाईंनी फ्लेक्स डोक्यावर घेतला, शेतात नेला, पुंजण्यावर पांघरला, खालची बाजू पेंढ्यांखाली घट्ट खोचली आणि दुसऱ्या धुऱ्यावर, शेताच्या पलीकडच्या बांधावर, वाल तोडायला निघून गेल्या. वाघाची बाजू वर आली की खाली, हे बघायला त्यांना फुरसत नव्हती.

दुपारी लहानूभाऊंनाही धानाची आठवण झाली. सायकल पायवाटेवर लावली, बांधावर चढले, आणि पाय जागीच रुतले.

पुंजण्याच्या कडेला वाघ बसला होता. अर्धा धानात दडलेला, मान जराशी खाली, डोळे थेट लहानूभाऊंवर. तरुणपणी एकदा नहराच्या पाळीवर असाच समोरासमोर वाघ आला होता. तेच डोळे! तीच डाव्या भुवईवरची तुटकी पट्टी! 'तोच हाय,' लहानूभाऊंच्या मनात आलं, 'इतक्या वर्सानं ओळख ठेवून आला.' वाघ इतकी वर्षं जगत नाही, हा विचार त्यांना सुचला, पण तेव्हा ते बाभळीच्या अर्ध्यावर होते. चप्पल खाली राहिली होती, धोतराचा सोगा काट्यांत अडकला होता, आणि बाभूळ हे चढायचं झाड नाही हे त्यांचं अंग ठिकठिकाणी सांगत होतं.

वरूनच त्यांनी गुणवंतरावांना फोन लावला. "वाघ! माह्या पुंजन्यात! धावा बाप्पा!"

गुणवंतरावांनी लगेच गावाच्या ग्रुपवर टाकलं: 'लहानू पेंटरला वाघाने घेरले.' वारलूभाऊंनी पुढे पाठवताना 'दोन वाघांनी' केलं. शेजारच्या गावाहून परत आलं तेव्हा त्यात बछडीही होती. शाळा सुटली, एसटी नाक्यावर थांबली, आणि अख्खं गाव डबे, काठ्या, फटाके घेऊन बांधावर हजर झालं. सगळे वेशीवरच्या फ्लेक्सखालूनच आले, पण त्याच्याकडे बघायला कोणी थांबलं नाही. गुणवंतराव ट्रॅक्टरवर उभे होते, इंजिन चालू ठेवून आणि ट्रॅक्टरचं तोंड गावाकडे वळवून.

"तो पाहा! तो पाहा, शेपटी हालवून राह्यला!"

"मी कान हलताना पाह्यला!"

"आंग लयच भरलं हाय. कोनाची तरी म्हैस गेली आज!"

"लहानूभाऊ, हलू नका! आमी हाओत!" गुणवंतराव ओरडले आणि ट्रॅक्टर गावाकडे आणखी थोडा सरकवला.

तेवढ्यात वारं सुटलं आणि वाघाची एक बाजू फडफडून पुंजण्यावर उलटली. "उडी मारली!" एकच कल्लोळ झाला. डबे तिथेच पडले, लोक नहराकडे पळाले, काही सरळ नहरात उतरले. गुणवंतराव ट्रॅक्टरवरून उतरून पळाले; ट्रॅक्टरपेक्षा पायांवर त्यांचा भरवसा जास्त निघाला.

आणि पलीकडच्या धुऱ्यावरून ओटीत वालाच्या शेंगा घेऊन बायनाबाई येताना दिसल्या. सरळ वाघाकडे.

"बायना! मांगं फिर!" बाभळीवरून आवाज फुटला. "अवो रश्मीचे माय, तुले माही आन हाय!"

बायनाबाईंनी वर पाहिलं. नवरा झाडावर, गाव नहरात. मग त्यांनी शांतपणे वाघाचा कान धरला, ओढून जागेवर आणला आणि त्याच्या पंजावर एक धोंडा ठेवला.

"काऊन बोंबलून राह्यले?" त्या म्हणाल्या. "धान झाकलं हाय मी."

नहरातल्यांनी माना उंच करून पाहिलं. मग कोणीतरी फिसकन हसलं, आणि मग हसण्याला धरबंद राहिला नाही. गुणवंतराव ओल्या धोतरानिशी खो-खो हसत होते. रश्मीही पोचली होती. बापाला वाघाने घेरलं ऐकून अनवाणी पळत आलेली. एकदा पुंजण्याकडे, एकदा बाभळीकडे पाहून ती मटकन बांधावर बसली आणि रडता रडता हसू लागली.

लहानूभाऊंना मात्र हसू येत नव्हतं. ते फांदीवरूनच वाघ न्याहाळत होते, एक डोळा मिटून, जसे पूर्वी पडदा न्याहाळायचे. "हा डोळा मशीनचा नाई," ते म्हणाले. "मशीन असा डोळा काढूच नाई शकत. कोनाचा हाय हा वाघ?"

"शेपटीपाशी पाहा, बाबा. सही तशीच ठेवली हाय."

शेपटीच्या टोकाशी एक इवलासा 'ल' होता.

"माळ्यावरचा तुमचा जुना जंगलाचा पडदा," रश्मी म्हणाली. "नहरावर वाघ पाहून आले तवा रंगवला ना तुमी? त्यातला हाय तो. चंद्र, मोर, धबधब्याच्या गर्दीत कोनाले दिसलाच नाई आजवर. मी त्याचा फोटो काढला अन् आजूबाजूची गर्दी तेवढी हटवली."

लहानूभाऊंनी तो 'ल' पुन्हा एकदा निरखला. चाळीस वर्षांत त्यांच्या पडद्यासमोर लोक थांबले होते, वा वा म्हणाले होते, टाळ्या वाजवल्या होत्या. पण त्यांच्या चित्राला भिऊन कोणी नहरात उडी घातली नव्हती! त्यांचा ऊर भरून आला, आणि ऊर भरून यायला बाभूळ ही काही बरी जागा नव्हे.

"पोरी," ते वरूनच म्हणाले, "पुन्याले जाऊ नको. इथीच राह्य."

"मानूस हलला का नाई, ते सांगा आंधी."

"मानूस? अवो गाव हललं, बाई!" गुणवंतरावच उत्तरले. "वेशीवरचा तो फ्लेक्स आजच उतरवतो. हा लावा तिथी. माहा फोटो..." त्यांनी वाघाकडे एकवार पाहिलं. "राहू द्या. वाघाच्या बाजूले बसाची हिंमत नाई माही."

लहानूभाऊंना खाली उतरवायला ट्रॅक्टरची ट्रॉली लागली आणि काटे काढायला बायनाबाईंची सुई. सोमवारी पुण्याची गाडी रश्मीला न घेताच गेली. त्याच दिवशी डब्यातले ब्रश निघाले आणि लहानूभाऊ दुकानाची पाटी रंगवायला बसले. पांढरीशुभ्र मोठी पाटी. एका बाजूला दोनच शब्द, 'रश्मी डिझाइन', आणि बाकी सगळी रिकामी. मधूनमधून ब्रश रिकाम्या जागेकडे वळायचा, पण रश्मी खोकली की मागे यायचा.

पाटी टांगायला लहानूभाऊ शिडीवर चढले तेव्हा वारलूभाऊ रस्त्यातून जात होते. "काय लहानूभाऊ, रंग संपला काय?"

"त्याले रिकामी जागा म्हंतेत," लहानूभाऊ वरून गुरगुरले. "नजरेले टेकाले लागते. तुले नाई समजत."

वारलूभाऊ मान हलवत पुढे गेले. शिडी धरून उभ्या असलेल्या बायनाबाईंना पाटीची भिंतीकडची बाजू दिसत होती. त्या बाजूला धबधबा होता, धबधब्यावर चंद्र होता, चंद्राखाली मोर, आणि कोपऱ्यात एक ससा.

"शिडी धर नीट," लहानूभाऊ हळूच म्हणाले, "अन् पोरीले सांगू नको."