बारा व्होल्टचा साडू, वीस व्होल्टचा साडू

या मंडळी, असे पुढे सरका. मागच्यांनीही जरा जवळ या, कारण गोष्ट यंत्रांची आहे, आणि यंत्रांच्या गोष्टीत माणूस लांब बसला की त्याला डुलकी लागते. आज दोन साडूंची कथा सांगतो. देवाने दोन भाऊ दिले तर ते वाटणीवरून भांडतात, दोन शेजारी दिले तर कुंपणावरून. दोन साडू दिले की मात्र विषय शोधावा लागत नाही, हाताशी येईल ते पुरतं.

हे दोघे मिळून एक गॅरेज चालवत. थोरल्यांची बायको म्हणजे धाकट्यांच्या बायकोची सख्खी मोठी बहीण. खाली गॅरेज, वर थोरल्यांचं घर. दोघांचा हात असा, की आवाज ऐकून इंजिनाचं दुखणं सांगावं. भांडण होतं ते बॅटरीवर चालणाऱ्या रॅचेटवरून. रॅचेट म्हणजे दांड्यासारखं हत्यार, टोकाला फिरतं डोकं. डोक्यावर सॉकेट, म्हणजे बोल्टच्या मापाची वाटी, चढवायचं, बोल्टवर बसवायचं आणि दांड्यावरची पट्टी दाबायची, की घर्रर्र करत बोल्ट बाहेर. हाताने दहा मिनिटं, याने दहा सेकंद.

थोरल्यांचं रॅचेट बारा व्होल्टचं, जांभळं, काकडीएवढं. धाकट्यांचं वीस व्होल्टचं, केशरी, दुसऱ्या कंपनीचं, शेपटाला वीट बांधल्यासारखी बॅटरी. याची बॅटरी त्याला बसत नाही, त्याचा चार्जर याला चालत नाही. टेबलाजवळ प्लग एकच. त्यामुळे रोज सकाळी एकाचं यंत्र तरतरीत, दुसऱ्याचं मेलेलं, आणि दोन्ही साडू चार्ज झालेले.

"मूर्ती लहान पण कीर्ती महान," थोरले आपलं जांभळं कुरवाळत म्हणत.

"कीर्ती कसली दादा? घट्ट बोल्ट दिसला की ते हात जोडून उभं राहतं."

"आणि तुझं? नाकापेक्षा मोती जड! दुपार झाली की मनगट धरून बसतोस."

शेवटी थोरल्यांच्या बायकोने निकाल दिला, "अहो, दोघांत मिळून एकच कंपनी ठेवा. कुठली ते आज ठरवा. सोमवारपासून भिंतीवर दोन चार्जर दिसले, तर दोन्ही माझ्या मिक्सरच्या खोक्यात जातील."

शनिवारची दुपार, अडीचची वेळ. सामना ठरला. पंच म्हणून विज्ञान शिकवून निवृत्त झालेले गुरुजी आयतेच सापडले. ते बिचारे आपली स्कूटर न्यायला आले होते. स्कूटर तयार होती, किल्ली थोरल्यांच्या खिशात होती.

"पाच मिनिटं बसा गुरुजी. तुमच्या घड्याळात सेकंदकाटा आहे ना?"

"आहे. पण आधी ती खोकी दाखवा." गुरुजी चष्मा पुसून बारीक अक्षरं वाचू लागले. "हं. धाकटे, तुमचं वीस व्होल्टचं यंत्र वीसचं नाही. बॅटरी ताजी भरलेली असताना क्षणभर वीस. काम करताना अठरा."

थोरले इतके हसले की त्यांना स्टुलावर बसावं लागलं. "अठरा! अरे, दोन वर्षं वीस-वीस म्हणून माझं डोकं खाल्लंस!"

"तुमचंही बारा नाही," गुरुजी दुसरं खोकं फिरवत म्हणाले. "दहा पूर्णांक आठ."

थोरले स्टुलावरून उठले. हसण्याची पाळी आता धाकट्यांची होती.

तर व्होल्टचं दोघांचंही पितळ उघडं पडलं. आता जोर बघायचा. पण बोल्ट कुठून आणायचे? शनिवार असल्यामुळे गिऱ्हाइकांच्या सगळ्या गाड्या गेलेल्या. गॅरेजात उभी होती ती फक्त थोरल्यांची स्वतःची व्हॅन, सकाळीच धुऊन पुसून ठेवलेली. कारण सव्वाचारच्या रेल्वेने थोरल्यांची लेक येत होती, अडीच महिन्यांच्या मुलीला घेऊन. आजोबांनी नात अजून फोनवरच पाहिली होती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. लेकीच्या शाळेची स्नेहसंमेलनं झाली, तिला बक्षिसं मिळाली, पहिल्या नोकरीला ती गावाबाहेर निघाली. दर वेळी थोरले "हा एवढा एक बोल्ट" म्हणत राहिले आणि पोचले तेव्हा खुर्च्या गोळा होत होत्या, नाहीतर गाडी सुटलेली होती. काल फोनवर लेक म्हणाली होती, "बाबा, तुम्ही येणार की आईच?" राग नव्हता त्यात, चौकशी होती. थोरल्यांना तीच लागली. "तुझी गाडी थांबायच्या आत मी फलाटावर उभा असेन," ते म्हणाले होते.

आणि आता त्याच व्हॅनचं बॉनेट उघडून ते म्हणत होते, "स्टार्टरचे तीन बोल्ट. काढायचे, लावायचे. दहा मिनिटांचं काम. स्टेशन वीस मिनिटांवर. रग्गड वेळ आहे."

चांगल्या चालत्या गाडीला पाना लावणं म्हणजे विकतचं दुखणं, हे गिऱ्हाइकांना तीस वर्षं सांगणारा हाच माणूस! पण मंडळी, स्पर्धेचं भूत मानेवर बसलं की आपलाच उपदेश आपल्याला ऐकू येत नाही.

पहिली फेरी, पुढचा बोल्ट. ठरलं असं, की आधी जांभळ्याने प्रयत्न करायचा. जांभळं बसवलं, पट्टी दाबली. ते एकदा कण्हलं आणि थांबलं. धाकट्यांनी केशरी लावलं. "गर्रर्र!" बोल्ट हलला, सैल झाला, चार सेकंदांत अर्धा बाहेर. "सैल होऊ दे तेवढाच, काढू नकोस," असं थोरले म्हणेपर्यंत गुरुजींनी एक गुण मांडला होता.

"घट्ट बोल्टची पकड आधी हाताने सोडवायची असते," थोरले पुटपुटले, "हे शहाण्याला कळतं."

"मग हाताचंच ठेवा की!"

दुसरी फेरी, मागचा बोल्ट. ही जागा म्हणजे इंजिन आणि पोलादी भिंत यांच्यामधली फट. केशरी आत शिरेना. डोकं जाडं, आणि मागची वीट बॉनेटच्या कडेवर ठकठक करत होती. "बघा गुरुजी, जावईबापूंना दारातून आत येता येईना," थोरले म्हणाले. त्यांनी हाताच्या पान्याने बोल्टची पकड सोडवली, जांभळं अलगद फटीत सरकवलं आणि पट्टी दाबली. घर्रर्र! काय गोड आवाज! थोरल्यांनी डोळेच मिटले.

डोळे मिटले, तिथेच घात झाला.

बोल्ट बाहेर येतो म्हणजे जातो कुठे? मागे. मागे काय? रॅचेटचं डोकं. आणि डोक्याच्या मागे पोलादी भिंत. बोल्टने डोकं ढकलत ढकलत भिंतीला असं चेपलं, की यंत्र "घुर्र" करून गप्प झालं. आता ते पुढे येईना, कारण पुढे बोल्ट. मागे जाईना, कारण मागे भिंत.

"उलटं फिरवा ना," गुरुजी म्हणाले. "बोल्ट पुन्हा आत जाईल, फट मोकळी होईल."

"उलटं फिरवायची कळ डोक्याच्या पाठीवर असते," थोरले हळू आवाजात म्हणाले.

"मग?"

"पाठ भिंतीला आहे."

तिघेही त्या फटीकडे वाकून बघत राहिले. सव्वातीन झाले होते.

"सोपं आहे," धाकटे म्हणाले. "तिसरा बोल्ट खालून आहे. तो मी दोन चिमट्या सैल करतो, स्टार्टर केसभर हलेल, तुमचं खेळणं सुटेल. हलकं करतो, काळजी नको."

"डोळे उघडे ठेव."

"मी काय तुमच्यासारखा आहे?"

ते गाडीखाली गेले. गर्रर्र झालं, गुर्र झालं, आणि यंत्र थांबलं. थोड्या वेळाने गाडीखालून आवाज आला, "दादा."

"बोल."

"इथेही भिंत आहे."

मंडळी, यालाच आगीतून फुफाट्यात म्हणतात. फरक इतकाच, की इथे आगीने फुफाट्याला मदतीला बोलावलं होतं. धाकट्यांनी अक्कलहुशारीने एकच गोष्ट केली: केशरीची बॅटरी काढून खिशात घातली. "पडली तर? या कंपनीची मिळत नाही लवकर." थोरल्यांच्या जांभळ्याची बॅटरी मात्र फटीत अशी रुतली होती की बोटच पोचत नव्हतं.

साडेतीनला थोरल्यांची बायको जिना उतरून आली, नवी साडी, हातात बाळासाठी दुलई. तिने बॉनेटमध्ये पाहिलं. मग नवऱ्याकडे पाहिलं.

"अहो, व्हॅनला काय झालंय?"

"व्हॅनला काही झालेलं नाही," थोरले म्हणाले, आणि ते खरंच होतं.

"भाऊजी, तुम्ही सांगा."

"ताई, दादांचं अडकलं म्हणून मी गेलो."

"आणि तुमचं?"

धाकटे गाडीखालून बाहेर आलेच नाहीत.

तिने भाड्याच्या गाडीला फोन लावला. पाऊण तासाने येईल म्हणाले. तिने फोन बंद केला आणि दुलई छातीशी धरून पायरीवर बसली. ओरडली असती तर थोरल्यांना बरं वाटलं असतं. ते खाली बसले, तेलकट हातांकडे बघत. "या खेपेलाही," ते म्हणाले, "खुर्च्या गोळा होणार."

गुरुजी खाकरले. "पण स्टार्टर लागतो कशाला?"

"गाडी चालू करायला."

"चालू झाल्यावर?"

थोरल्यांनी मान वर केली.

"ती स्टार्टरची मोटर निखळणार नाही ना?" गुरुजींनी विचारलं.

"निखळेल कशी? दोन्हीकडून रॅचेटनी आवळून धरलीय! पुढचा बोल्टही अर्धा आहेच."

"मग ढकला."

तीस वर्षांचा मेकॅनिक! रोज गिऱ्हाइकांना धक्का मारायला लावणारा! पण स्वतःच्या घाईत त्याला धक्का आठवला नाही, तो विज्ञानाच्या मास्तरांना आठवला. थोरले स्टिअरिंगवर बसले. मागे धाकटे, बायको, आणि मध्ये सत्तरीचे गुरुजी. "एक, दोन... अजून जोर... ताई, साडी सांभाळा... साडी गेली खड्ड्यात, ढकला भाऊजी!" उतारावर व्हॅनने दोन उचक्या दिल्या आणि इंजिन धडधडलं. धाकट्यांनी पळत दार उघडून ताईंना आत लोटलं, मग स्वतः उडी मारली. थांबायची सोय नव्हती. बंद पडली तर पुन्हा कोण ढकलणार? व्हॅन वळणावरून दिसेनाशी झाली. रस्त्याच्या मध्ये गुरुजी उभे, एक चप्पल पायात, एक मागे राहिलेली.

स्टेशनसमोर धाकटे स्टिअरिंगवर सरकले, पाय अ‍ॅक्सिलरेटरवर. "दादा, पळा! मी हिला झोपू देत नाही!"

थोरले पळाले. पुलाचे जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढले, उतरले. रेल्वे फलाटात शिरतच होती. डबे हळू झाले, थांबले. दारात लेक उभी, खांद्याशी रडून लाल झालेलं पोर. तिची नजर आईला शोधत होती. ती खाली आली आणि थांबली.

समोर बाबा होते. धापा टाकत, कोपरापर्यंत काळे, केसात ग्रीस.

"आलात?" ती म्हणाली.

"आलो," थोरले म्हणाले, जणू तेच लांबचा प्रवास करून उतरले होते. नातीकडे त्यांनी हात पुढे केले आणि तेलकट दिसताच मागे घेतले. लेकीने मुलगी त्यांच्या मनगटांवर ठेवली. अंगड्यावर दोन काळे पट्टे उठले. ते अंगडं तिने पुढे कधी धुतलं नाही.

व्हॅन घराकडे निघाली, पोर मात्र रडायचं थांबेना. दोन दिवसांच्या प्रवासात तिने धड डोळा मिटला नव्हता, आजी झाली, दुलई झाली, धाकट्यांनी तोंडं वेडीवाकडी केली, तरी भोकाड चालूच. एवढ्यात व्हॅन एका खड्ड्यात आपटली. बॉनेटखाली "खट्" झालं. त्या हिसक्याने जांभळं निसटलं होतं, खालच्या पत्र्यावर पडलं होतं, आणि पट्टी दाबली जाऊन एकटंच फिरत होतं: घर्रर्र, घर्रर्र.

"बाबा, इंजिनात काय वाजतंय?"

कुणी उत्तर द्यायच्या आत सगळ्यांना कळलं, की दुसरं काही वाजत नाहीये. नात झोपली होती.

गॅरेजपाशी आले तर गुरुजी उघड्या दारात स्टुलावर राखण करत बसलेले. "दुसरी फेरी," ते म्हणाले, "दोन तास नऊ मिनिटं. अजून चालू धरू का?"

सामन्याचा निकाल नातीने लावला. जांभळं चालू केलं की ती झोपे. धाकट्यांनी मोठ्या आशेने केशरी चालू केलं, तर घर डोक्यावर घेई. बारा व्होल्ट जिंकलं! फक्त जिंकल्यापासून ते वरच्या मजल्यावरून खाली आलं नाही. थोरल्यांची बायको रोज दुपारी ते उशाशी लावते, चार्जरही वरच. सोमवारपासून गॅरेजात एकच कंपनी आहे, केशरी. विजेते थोरले साडू दिवसभर ते जड यंत्र चालवतात आणि संध्याकाळी धाकट्यांकडे मलम मागतात.

तर मंडळी, नात गोड आहे, दोन्ही साडू सुखात आहेत. त्यांची काळजी करू नका. घरी जाताना एकट्या गुरुजींची आठवण ठेवा. त्या संध्याकाळी नातीचं कौतुक झालं, चहा झाला, यंत्रं निघाली. आणि स्कूटरची किल्ली मागायला तो भला माणूस संकोचला, म्हणून चालत घरी गेला. आपलीही गाडी अशीच कुणाच्या तरी धक्क्याने सुरू झालेली असते, आणि चालू गाडीतून मागे कुणी बघत नाही. तुम्ही बघा. रस्त्यात कुणी एका चपलेवर उभं असेल, त्याचं नाव एकदा देवापुढे घ्या.